विश्लेषण : ‘विनी द पूह’चे घर नेमके कुठे? ते जपण्यासाठी झाडे का कापावी लागतात?

लाल टी-शर्ट घातलेला, मधासाठी वेडा झालेला ‘विनी द पूह’ आपल्याकडे पोहोचला तो प्रामुख्याने डिस्नेच्या कार्टूनमधून. मूळ पुस्तक मात्र १४ ऑक्टोबर १९२६ रोजी प्रकाशित झाले. या अस्वलाचे नाव कॅनडातून आले, घर इंग्लंडमध्ये आहे आणि मूळ खेळणे अमेरिकेत!

नाव कुठून आले?
कॅनडाच्या लष्करातील पशुवैद्यक हॅरी कोलबर्न यांनी २४ ऑगस्ट १९१४ रोजी ओंटारियोतील व्हाइट रिव्हर येथे अस्वलाचे मादी पिल्लू २० डॉलरना विकत घेतले. आपल्या विनिपेग शहरावरून त्यांनी तिला ‘विनी’ म्हटले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाताना त्यांनी तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले. पुढे ती तिथलीच झाली. लेखक ए. ए. मिल्न यांचा मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन तिला पाहायला जात असे. त्याने आपल्या टेडी बेअरला तिचे नाव दिले.

पुस्तकातले जंगल कोणते?
मिल्न यांनी १९२५ मध्ये ससेक्समधील हार्टफिल्ड गावाजवळ ‘कॉचफर्ड फार्म’ विकत घेतले. जवळच अ‍ॅशडाउन फॉरेस्ट आहे. तिथल्या ‘फाइव्ह हंड्रेड एकर वूड’चे पुस्तकात ‘हंड्रेड एकर वूड’ झाले. चित्रकार ई. एच. शेपर्ड यांच्या चित्रांतही हाच परिसर दिसतो.

मूळ खेळणी कुठे आहेत?
पूह, पिगलेट, ईयोर, कांगा आणि टिगर १९८७ पासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आहेत. छोटा रू फार पूर्वीच हरवला. १९९८ मध्ये एका ब्रिटिश खासदार महिलेने ही खेळणी परत मागितली होती; ती मिळाली नाहीत.

मग झाडे का कापतात?
नावात ‘फॉरेस्ट’ असले तरी अ‍ॅशडाउनचा मोठा भाग म्हणजे खुरट्या झुडपांचे मोकळे माळरान. शेकडो वर्षे गुरे चरत राहिली, लोक सरपण आणि गवत नेत राहिले, म्हणून ते मोकळे राहिले. चराई घटली की बर्च आणि पाइनची रोपे माजतात, काही वर्षांत माळाचे रान होते आणि उघड्यावर, जमिनीवरच अंडी घालणाऱ्या रातव्यासारख्या पक्ष्यांची जागा जाते. त्यामुळे तिथे गुरे-मेंढ्या चारणे आणि उगवलेली झाडे काढणे हेच संवर्धनाचे काम आहे.

खेळणी काचेमागे सुरक्षित राहतात. पूहचे घर मात्र दरवर्षी राखावे लागते.