चांगला असेल तर रात्री का येऊन राहिला?

मराठीतला हॅरी पॉटर पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रकाशकाने काढला असेल, असं कुणालाही वाटेल. तो काढला भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने. 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून ही मालिका मराठीत येत गेली. त्यातले बरेच भाग मंजूषा आमडेकर यांनी मराठीत आणले. इंदूरहून भोपाळ जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हणजे हॉग्वर्ट्स इथल्या मराठी मुलांना सदाशिव पेठेपेक्षा जवळ पडायला हवं होतं. पण इंदूरच्या पलासियातल्या मराठी घरात कपाट उघडून बघा. हॅरी असतो, तो इंग्रजीत. त्याच्या शेजारी पर्सी जॅक्सन, 'ट्वायलाइट', 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स', कडेला रंग दिलेली सेरा मासची जाडजूड पुस्तकं. आणि वरच्या कप्प्यात, हात पुरणार नाही अशा जागी, आजोबांचे पु. ल. आणि खांडेकर.

जुनी पलासिया आणि न्यू पलासिया मिळून हा भाग इंदूरच्या मधोमध. एका अंगाला छप्पन दुकान, दुसऱ्या अंगाला गीता भवन, मध्ये जुने बंगले, नवे टॉवर आणि कोचिंग क्लासच्या पाट्या. इथलं मराठी मूल घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतं. पुस्तक नवं हवं असेल तर ऑनलाइन मागवायचं, जुनं हवं असेल तर राजवाड्याजवळच्या खजूरी बाजारात भाव करायचा. माझी भाची याच भागात राहते, अकरावीत आहे. मध्यंतरी तिच्या हातात 'ट्वायलाइट' होतं आणि आजी शेजारी भाजी निवडत बसली होती.

"काय वाचून राहिलीस गं एवढं?"

"आजी, व्हॅम्पायरची गोष्ट आहे. रक्त पितो, पण चांगला आहे."

"चांगला असेल तर रात्री का येऊन राहिला?"

स्टेफनी मायरच्या या कादंबरीवर (२००५) अमेरिकेत पानंच्या पानं टीका झाली आहे, आणि तिचा गाभा नेमका हाच. एडवर्ड न विचारता बेलाच्या खोलीत येतो, ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, आणि कादंबरी याला प्रेम म्हणते. आजीने पुस्तक न उघडता तो मुद्दा काढला. भाची आधी हसली, मग गप्प झाली, मग तिने एडवर्डची बाजू मांडायला सुरुवात केली. वाद भाजी संपली तरी चालला होता.

या पुस्तकांबद्दल मोठ्यांचा सरसकट समज असतो की ही 'भुताखेतांची' आहेत. थोडं निवडून बघायला हवं. फँटसीत जगच वेगळं असतं, तिथले नकाशे, राजवटी, जादूचे कायदे वेगळे. पॅरानॉर्मलमध्ये जग आपलंच असतं: तीच शाळा, तोच डबा, तीच परीक्षा. फक्त मागच्या बाकावरच्या मुलाचं वय शंभर असतं. एडवर्ड १९१८पासून सतरा वर्षांचाच आहे. मायरने हा प्रकार शोधून काढला असंही नाही, एल. जे. स्मिथची 'द व्हॅम्पायर डायरीज' १९९१ची. या पुस्तकांतले नायक-नायिका बहुतेक पंधरा ते अठरा वयाचे, गोष्ट बहुधा 'मी' म्हणून सांगितलेली, आईवडील मेलेले, दूर असलेले किंवा काहीच न कळणारे. आईवडील हजर असते तर पहिल्याच प्रकरणात त्यांनी पोरीला घरी आणलं असतं आणि कादंबरी संपली असती.

मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन कप्प्यांच्या मध्ये एक तिसरा कप्पा अमेरिकेत पक्का झाला तो १९६७ साली आलेल्या 'द आउटसायडर्स'नंतर, असं साधारण मानतात. एस. ई. हिंटन तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि तिने ती गोष्ट शाळेत असताना लिहायला घेतली होती. पुढच्याच वर्षी अर्सुला ले गुइनची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली, तीही प्रकाशकाने किशोरांसाठी काहीतरी लिहा म्हटलं म्हणून. जादूगारांची शाळा तिथे आहे, हॉग्वर्ट्सच्या एकोणतीस वर्षं आधी. गेड नावाचा हुशार, मानी मुलगा ईर्ष्येपायी नको ती विद्या वापरतो आणि एक काळी सावली जगात सोडून बसतो. पुढे पुस्तकभर ती सावली त्याच्या मागे आणि तो तिच्या मागे.

या वाङ्मयाचं यंत्र इथे उघडं दिसतं. जादू फुकट मिळत नाही, तिला नियम असतो आणि किंमत असते. माळव्यातल्या पोराला हे सांगायची गरज नाही. पलासियापासून उज्जैन पंचावन्न किलोमीटरवर, आणि विक्रम-वेताळाची जोडी तिथलीच. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचं. वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे राजा हरतो तो अक्कल असल्यामुळे! इतका चोख नियम आजच्या फारशा मालिकांना जमलेला नाही. सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली ती १८३०च्या सुमारास. रिचर्ड बर्टनने याच गोष्टी १८७० साली 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' म्हणून इंग्रजीत नेल्या, ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला यायच्या सत्तावीस वर्षं आधी. तेव्हा व्हॅम्पायर हे परदेशी खूळ आहे, असं निदान उज्जैनच्या शेजाऱ्यांनी तरी म्हणू नये.

मग मराठीत हा मधला कप्पा रिकामा का? सुरुवातीच्या काळात तर अद्भुताचीच चलती होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. मग हरिभाऊ आपटे आले, 'पण लक्षात कोण घेतो' आली, आणि मराठी कादंबरीची प्रतिष्ठा सामाजिक वास्तवाकडे गेली. ते व्हायलाच हवं होतं. पण अद्भुताला त्याच वेळी मागच्या दाराने बाहेर काढलं, हे मात्र विनाकारण झालं. नाथमाधवांच्या 'वीरधवल'सारखी पुस्तकं लोकांनी झपाटून वाचली, पण मानाच्या पानावर त्यांना कुणी बसवलं नाही. इकडे हिंदीत देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८पासून जादूई तिलिस्म आणि वेषांतर करणाऱ्या ऐयारांसकट टिकून राहिली, ती वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले असं आजही सांगतात, आणि १९९४मध्ये ती दूरदर्शनवर आली तेव्हा इंदूरच्या मराठी घरांतही रविवारी सकाळी तिचीच हवा होती.

विज्ञानकथेला मराठीत जयंत नारळीकर मिळाले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली, बक्षीस मिळवलं, आणि एका शास्त्रज्ञाच्या नावाने त्या प्रकाराला घरात प्रवेश मिळाला. भयकथेला नारायण धारप (१९२५–२००८) मिळाले, पण प्रवेश नाही. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, म्हणजे रक्तपिपासू मराठीत 'ट्वायलाइट'च्या कितीतरी आधी आले होते. आजच्या मुलांना धारप कळले ते 'तुंबाड' (२०१८) सिनेमाच्या मुळाशी त्यांची कथा आहे म्हणून. पण धारप लिहीत होते मोठ्यांसाठी, आणि मुलांनी ते चोरून वाचले. बारा वर्षांपर्यंत फास्टर फेणे, 'किशोर', बोक्या सातबंडे. आणि त्यानंतर एकदम मोठ्यांचं वाङ्मय. तेरा ते अठरामधल्या वाचकाशी मराठी बोलतच नाही. मराठी मुलं इंग्रजीकडे गेली, अशी तक्रार ज्या सभांत होते त्यांत हे कुणी बोलत नाही.

आणि बोलण्यासारखं या वयात पुष्कळ असतं. अंग बदलतं, भूक बदलते, आरशातलं माणूस रोज थोडं अनोळखी होतं. लांडगा होणारा मुलगा ही याची अगदी सरळ गोष्ट आहे. किंवा फँटसीच्या शेजारच्याच फळीवरची व्हेरॉनिका रॉथची 'डायव्हर्जंट' (२०११) घ्या: सोळाव्या वर्षी एक चाचणी होते आणि पाचपैकी एक गट निवडून तिथेच जन्म काढायचा. अमेरिकेत हे भविष्यातलं भीषण चित्र म्हणून वाचतात. गीता भवनपासून पलासियापर्यंतच्या कोचिंगच्या पाट्यांखाली हे दरवर्षी जूनमध्ये घडतं, गट फक्त दोन: मॅथ्स की बायो. त्यातली नायिका कुठल्याच एका गटात बसत नाही, हे वाचताना भाचीने पान दुमडून ठेवलं होतं.

पालकांसाठी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दुकानात आणि ऑनलाइन यादीत एकाच फळीवर ठेवलेली सगळी पुस्तकं एकाच वयाची नसतात. पर्सी जॅक्सन सुरुवातीला बारा वर्षांचा आहे, ती मालिका पाचवी-सहावीपासून खुशाल द्यावी. सेरा मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५मध्ये किशोरांची म्हणून आली आणि २०२०मध्ये प्रकाशकाने नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांत हलवली. आत काय आहे ते वाचलं की कारण कळतं. रेबेका यारोसची 'फोर्थ विंग' (२०२३) तर ड्रॅगन आणि विद्यालय असूनही मोठ्यांसाठीच लिहिलेली आहे. मुखपृष्ठावरून यातलं काहीही कळत नाही. पुस्तक हिसकावण्यापेक्षा पहिली पन्नास पानं स्वतः वाचावीत. वाचायला लाजू नये: बोकर या संस्थेने २०१२मध्ये पाहणी केली तेव्हा किशोरांसाठीची ही पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठ्या वयाचे निघाले.

इंदूरने मराठी साहित्य संमेलनं पाहिली आहेत, १९१७, १९३५ आणि २००१ची. इथली महाराष्ट्र साहित्य सभा १९१५पासूनची. शंभर वर्षांहून जुन्या संस्थेकडे आणि मराठी दिवाळी अंकांच्या संपादकांकडे मागणं एवढंच आहे. सभेने एक फळी तेरा ते अठरा वयासाठी राखावी, तिच्यावर भोपाळहून आलेला मराठी हॅरी आणि धारप दोन्ही ठेवावेत, आणि फळी हात पुरेल इतक्या उंचीवर असावी. आणि संपादकांनी येत्या दिवाळीत पाककृतींची चार पानं कमी करून सोळा वर्षांच्या नायिकेची एक दीर्घ अद्भुतकथा छापावी. मांडू, उज्जैन, महेश्वरचा घाट, अमावास्येची क्षिप्रा: सामान इथे वाटेल तेवढं पडलेलं आहे. मजकूर इंदुरी मराठीत आला तर शुद्धलेखनाची लाल पेन्सिल थोडा वेळ बाजूला ठेवा.