यकृतातील पहारेकरी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यकृतावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण भायखळा-लालबागच्या चाळींना क्षयरोग परका नाही. आमच्या घरातही त्याच्या गोळ्या आल्या.

या उपचारातले एक मुख्य औषध म्हणजे रिफाम्पिसिन. यकृताच्या पेशीत ते ‘प्रेग्नेन एक्स रिसेप्टर’ नावाच्या प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन १९९८ साली उजेडात आले. त्याचे काम पहारेकऱ्याचे. परका पदार्थ आला की ते जोडीदार प्रथिनासह केंद्रकातील जनुकांवर बसते आणि औषधे मोडणारी विकरे वाढवण्याचा हुकूम सोडते. शरीर विषापासून वाचावे, ही त्यातली सोय.

मात्र या पहारेकऱ्याला शत्रू-मित्र कळत नाही. वाढलेली विकरे संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांचाही फडशा पाडतात. माझ्या काकूच्या हृदयाची झडप बदललेली आहे. क्षयाचे उपचार सुरू होताच डॉक्टरांनी वरचेवर रक्त तपासून वॉरफरिनची मात्रा वाढवली आणि उपचार संपल्यावर पुन्हा उतरवली. कारण रिफाम्पिसिन थांबल्यावर सुमारे दोन आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात. तेव्हा वाढीव मात्रा तशीच राहिली, तर रक्तस्रावाचा धोका असतो.

आमच्या घरात गोळीच्या पाकिटावरचे इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. म्हणून वाचकहो, एवढेच सांगतो: क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत, पण घरात चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांपुढे ठेवावी.