एका भाषाकुळाच्या लघुरूपाचा प्रश्न

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरील बटणे, याद्या, मजकूर भरण्याचे रकाने अशा घटकांच्या समूहाला यूजर इंटरफेस म्हणतात. हे घटक कसे निर्माण करायचे याची एकेक पायरी प्रोग्रॅममध्ये न लिहिता, कोणता घटक कोठे आणि कशाच्या आत असावा एवढेच खुणांनी नोंदवण्याची सोय ज्या भाषा करतात, त्या यूजर इंटरफेस मार्कअप भाषा होत. या भाषांचे कूळ मोठे असूनही त्या सर्वांना सामावणारे लघुरूप रूढ झालेले नाही, आणि ही उणीव किरकोळ नव्हे. कारण कुळाला नाव नसले की एका कंपनीच्या भाषेत मिळवलेले ज्ञान दुसरीकडेही लागू पडते, हे शिकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

यूआयएमएल हे सर्वांत स्वाभाविक लघुरूप ठरले असते. परंतु एकच वर्णन निरनिराळ्या उपकरणांवर चालावे या हेतूने १९९७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाशी निगडित संशोधकांनी जी भाषा घडवायला घेतली, तिचेच ते नाव असल्याने जातीचे नाव एका व्यक्तीला मिळाले आहे. मोझिलाच्या एक्सयूएलचेही तसेच झाले: ‘एक्सएमएल यूजर इंटरफेस लँग्वेज’ हा तिचा विस्तार सर्वसामान्य असला, तरी फायरफॉक्सचा दर्शनी भाग तिच्यात लिहिला गेल्याने ती अक्षरे मोझिलाशी कायमची जोडली गेली.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सएएमएलचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्यातील ‘ए’ हे अक्षर आरंभी ‘अ‍ॅव्हलॉन’ या प्रकल्पाच्या सांकेतिक नावाचे होते आणि पुढे ते ‘अ‍ॅप्लिकेशन’चे मानले गेले; हा बदल नुसता दिखाऊ नव्हता, कारण २००६ मध्ये डॉट नेट ३.० बाजारात आले तेव्हा हीच भाषा पडद्याची मांडणी आणि कामकाजाच्या टप्प्यांचा क्रम, दोन्ही लिहिण्यासाठी वापरली जात होती. उलट मॅक्रोमीडियाच्या एमएक्सएमएलमधील ‘एम’चा अधिकृत विस्तार कंपनीने कधी दिलाच नाही.

या नावांत वारंवार येणारे ‘एक्स’ हे अक्षर एक्सएमएलचे, म्हणजे १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने शिफारस केलेल्या खुणा-पद्धतीचे सूचक आहे. सामान्य नामात मात्र त्याला जागा असू नये, कारण क्यूटी या साधनसंचातील क्यूएमएल ही भाषा तेच काम कंसांच्या रचनेने करते आणि ‘एक्स’चा आग्रह तिला नाहक कुळाबाहेर ठेवतो. निर्माता आणि लेखनपद्धती या दोहोंपेक्षा कार्य दर्शवणारे नाव टिकाऊ असते. म्हणून नवे लघुरूप घडवण्यापेक्षा ‘यूआय मार्कअप’ हे अर्धे आखूड, अर्धे उघड नाव स्वीकारणेच सयुक्तिक होय. त्यातील ‘मार्कअप’ हा शब्द गाळता येणार नाही, कारण अ‍ॅपलच्या २०१९ मधील स्विफ्टयूआयमध्ये पडद्याचे वर्णन स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतच लिहिले जाते, आणि अशा साधनांपासून हे कूळ वेगळे ओळखण्याची खूण तोच शब्द पुरवतो.