गिअर ‘खर्रर्र’ का करतो?

डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत माझ्या स्नेह्यांची जुनी दोन आसनी मोटार पावसाळाभर छपराखाली उभी होती. १९६५ सालची एमजीबी. कापडी छताची, ठेंगणी, पण धावायला चपळ. पाऊस सरल्यावर आम्ही ती बाहेर काढली. चारोटीला जावे आणि तेथून महामार्गाने उत्तरेला तलासरी गाठावी, असा बेत होता. पण वाडीच्या फाटकातच पहिला गिअर टाकताना ‘खर्रर्र’ असा आवाज झाला. एका कारागिराने गाडीखाली न वाकताच निदान केले, “गिअरपेटी गेली!” या मोटारीची गिअरपेटी उतरवायची तर इंजिनही बरोबर उचलावे लागते. खर्चाचा आकडा ऐकून स्नेही गाडी विकण्याच्या गोष्टी बोलू लागले.

गिअरपेटी खरोखरच गेली होती का? त्याआधी हा आवाज कशाचा, ते पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, गिअर बदलताना मोठी दंतचक्रे एकमेकांत घुसतात अशी आपली समजूत असते. या मोटारीत दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या दंतचक्रांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्या दांड्यावर नुसत्या मोकळ्या फिरतात. आपण दांडी सरकवतो तेव्हा दांड्यावरचे एक दातेरी कडे पुढे जाऊन हव्या त्या चक्राला दांड्याशी जखडते. कडे आणि चक्र वेगवेगळ्या गतीने फिरत असतील, तर त्यांचे बारीक दाते एकमेकांवर आपटतात. तोच हा ‘खर्रर्र’!

गतींत फरक किती असतो? दुसऱ्या गिअरमध्ये या मोटारीचे इंजिन २.२१ फेरे फिरते तेव्हा मागे जाणारा दांडा एक फेरा घेतो. तिसऱ्यात हेच प्रमाण १.३७ आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर गाडीचा वेग तोच राहून इंजिनाकडच्या दांड्याची गती सुमारे १८६० फेऱ्यांवर यायला हवी. अकराशेहून अधिक फेऱ्यांचा हा फरक क्षणार्धात मिटवायचा!

महालक्ष्मीच्या जत्रेत फिरत्या चक्रीवर उडी मारणारा मुलगा आधी तिच्याबरोबर धावतो, मगच पाय ठेवतो. गिअरपेटीत हे धावण्याचे काम एक पितळी रिंग करते. कारागीर तिला सिंक्रो रिंग म्हणतात. तिची आतली बाजू शंकूच्या आकाराची असते. ती चक्राच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांची गती एक होते आणि मगच कड्याला वाट मिळते. कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली ही युक्ती प्रथम आली. त्यापूर्वी हा मेळ चालकालाच आपल्या कानाने आणि पायाने साधावा लागे.

पण रिंगेची ताकद बेताची. क्लच दाबल्यावर इंजिन पूर्ण सुटले, तरच ती हलक्या दांड्याला आवरू शकते. क्लच अर्धवट सुटला, तर तिला अख्ख्या इंजिनाशी झुंजावे लागते. म्हणून आम्ही गिअरपेटीआधी क्लच तपासायचे ठरवले.

प्रथम इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. ते अलगद पडले. म्हणजे दांडी आणि तिचे सांधे ठीक होते. मग इंजिन सुरू केले, क्लच दाबून पाचसहा सेकंद थांबलो आणि रिव्हर्स टाकला. या मोटारीच्या रिव्हर्सला सिंक्रो रिंग नाही, त्यामुळे तो खोटे बोलत नाही. क्लच नीट सुटला असता, तर एवढ्या वेळात आतला दांडा थांबून गिअर निमूटपणे पडला असता. तो करकरला. (ही परीक्षा मोठ्या माणसांनी, गाडीपुढे-मागे कोणी नसताना करावी!)

पावसाळी किनाऱ्यावर गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. माझा पहिला संशय तोच होता, पण तो चुकला. क्लचच्या खालच्या सिलिंडरातून तेल पाझरत होते. हे तेल हवेतला ओलावा शोषते, आतून गंज धरतो आणि रबरी वॉशर झिजतो. पायाखालचा पेडल पूर्ण खाली जाई, पण खालचा दट्ट्या पुरेसा सरकत नसे. सिलिंडर साफ केला, वॉशर बदलला, नळीतली हवा काढली. खर्च किरकोळ आला आणि रिव्हर्सची तक्रार थांबली.

तरी सकाळच्या गारव्यात दुसरा गिअर अडे. गाडी तापली की सुधारे. हे लक्षण दाट तेलाचे. पितळी रिंगेवर बारीक खाचा असतात. त्यांनी तेलाचा थर कापल्याशिवाय घर्षण होत नाही. थर दाट असला, की रिंग घसरत राहते. पेटीतले तेल काढले, तर ते गिअरचे दाट तेल निघाले. या मोटारीच्या पुस्तिकेत मात्र गिअरपेटीतही इंजिनाचेच तेल घालायला सांगितले आहे! ‘गिअर म्हणजे दाट तेल’ असे समजून कोणीतरी ते भरले असावे. तसेच, मागच्या धुऱ्याच्या काही तेलांतील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये पितळेला मानवत नाहीत. म्हणून एकाच डब्यातून दोन्हीकडे तेल ओतणे बरे नव्हे.

तेल बदलून आम्ही चारोटीमार्गे तलासरीला निघालो. दुसरा, तिसरा, चौथा सारे अलगद पडत होते. एका वळणावर गाडी सरकत असताना स्नेह्यांनी पहिला गिअर टाकला आणि पुन्हा ‘खर्रर्र’! त्यांचा चेहरा पडला. पण हा बिघाड नव्हता. १९६७ च्या अखेरीस सुधारित एमजीबी आली, तोवर पहिल्या गिअरला सिंक्रो रिंग नव्हतीच. तेथे जुन्या लॉरीवाल्यांचा ‘डबल क्लच’ हवा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला जरा वेग, पुन्हा क्लच आणि मग गिअर. तलासरी येईपर्यंत स्नेह्यांना तो दोनदा साधला, तीनदा फसला. नाक्यावर मात्र त्यांनी गाडी पूर्ण थांबवली आणि मगच दांडीला हात लावला.