नऊ मिलिमीटरवरची बार्शी लाइट

साठीनंतरचे उद्योग : भाग 9

गेल्या भागात खोली मोजून ठेवा म्हटलं होतं. मापं हातात आली असतील, तरी त्या कागदावर लगेच रूळ काढायला बसू नका. छोट्या रेल्वेचं वेड मनात घेऊन आयुष्यभर नोकरी केलेला माणूस नेमका इथेच फसतो. चाळीस वर्षं साठवलेलं सगळं त्याला एका टेबलावर मांडायचं असतं. डेक्कन क्वीन हवी, बोरघाटातले बोगदे हवेत, कोकण रेल्वेचा उंच पूल हवा, आणि नातू रुसायला नको म्हणून वंदे भारतही हवी. हा नकाशा कागदावर फार देखणा दिसतो. लाकूड कापायची वेळ आली की पहिलं वर्ष नुसत्या चौकटी ठोकण्यात जातं, दुसरं वर्ष गुडघ्यांच्या तक्रारीत.

माझं म्हणणं सरळ आहे. साठीनंतर मांडणी करायची तर एक मार्ग, एक स्टेशन आणि एक साल धरा, बाकीचं सोडा. तेरच्या माणसाला तर मार्ग शोधायला लांब जायलाच नको.

जीआयपी रेल्वेची मुंबई–सोलापूर लाईन कुर्डुवाडीवरून गेली आणि कापसा-धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी बाजूला राहिली. तो माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीला जायचा. जीआयपीच्या नोकरीनिमित्त भारतात आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्लिश इंजिनिअरच्या मनात हे घर करून बसलं. 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही सुमारे 34 किलोमीटरची लाईन सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनला बार्शी रोड म्हणत. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1907 मध्ये आपल्या शेजारचं तडवळे, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरज अशी ती पसरत गेली. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि मध्य रेल्वेत घातली. 2007-08 मध्ये लातूर–कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, वळवून धाराशिव शहरातून नेला, आणि ढोकी-येडशीकडच्या लोकांची छोटी गाडी संपली.

आता कॅलथ्रॉपचं डोकं कसं चाललं ते बघा, कारण आपल्या कामाचं ते आहे. स्वस्तात लाईन घालायची तर रूळ हलके हवेत, आणि हलके रूळ टिकायचे तर कुठल्याही चाकाच्या जोडीवर ठरावीक वजनापेक्षा जास्त भार यायला नको. त्याने मर्यादा घातली 5 टनांची, आणि इंजिन, वाघिणी, प्रवासी डबे, सगळं त्या एका आकड्याभोवती आखलं. म्हणूनच लीड्सच्या किट्सन कंपनीकडून आलेल्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार छोटी चाकं होती. वजन वाटलं गेलं. गाडी भारतात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम चाचणीचा रूळमार्ग घालून ती चालवून पाहिली, वाकडी वळणं आणि चढ घेऊन. आधी आकडा, मग चाचणी, मग खरेदी. आपल्याकडे हौशी मंडळींचा क्रम हमखास उलटा असतो. परदेशातून मुलगा इंजिन घेऊन येतो आणि मग ते कुठे फिरवायचं याचा विचार सुरू होतो.

आपला आकडा कोणता? रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज. बार्शी लाइटचं गेज अडीच फूट, 762 मिलिमीटर. छोट्या रेल्वेत जगभर सगळ्यात चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. 762 ला 87 ने भागलं की 8.76 मिलिमीटर येतात. आणि बाजारात एन नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी रूळ तयार मिळतात, त्यांचं अंतर असतं 9 मिलिमीटर. फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा, तो डोळ्याला दिसत नाही. आता हाच हिशेब आपल्या मोठ्या गाडीचा करून पाहा. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याचे एचओत 19.26 व्हायला हवेत. दुकानातला एचओचा रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या गेजवर बेतलेला, 16.5 मिलिमीटरचा. जवळजवळ तीन मिलिमीटरची तडजोड आपले हौशी लोक निमूटपणे करत आलेत. बार्शी लाइट घेणाऱ्याला ती करावी लागत नाही.

दुसरा फायदा वयाचा आहे. पूर्ण एन प्रमाणातला डबा बोटाएवढा असतो. त्याचं चाक रुळावर बसवताना चष्मा, भिंग आणि शांत हात, तिन्ही लागतात. आपल्या जोडणीत रूळ आणि चाकं एनची, पण डबा, माणसं, झाडं, स्टेशन सगळं एचओचं. 12 मीटरचा खरा डबा इथे सुमारे 14 सेंटिमीटरचा होतो, चांगला मुठीत धरता येतो. शिवाय अशी गाडी 25-30 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर फिरते. आठ जोडचाकांचं इंजिन करणार असाल तर 30 च्या खाली जाऊ नका.

तयार बार्शी इंजिन दुकानात मिळेल ही आशा मात्र धरू नका. जपानच्या कातो कंपनीचा चालता तळ घ्यायचा आणि वरचं घर प्लास्टिकच्या पत्र्याचं किंवा जाड कार्डाचं करायचं, हा रुळलेला मार्ग आहे. रूळ ब्रिटनच्या पेको कंपनीचे, खास अरुंद गेजसाठी स्लीपर थोडे विरळ ठेवलेले मिळतात. आणि इंजिनाच्या ठेवणीसाठी एक चुलतभाऊ हाताशी आहे. कॅलथ्रॉपनेच इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही याच गेजची लाईन आखली. ती 1904 ते 1934 अशी तीस वर्षंच चालली, पण तिथल्या मॉडेलवाल्यांची अजून लाडकी आहे. तिचे आराखडे आणि फोटो पाहिले की बार्शीच्या डब्यांची घडण कळायला मदत होते.

स्टेशन कुठलं घ्यायचं? लातूरचं नाव लगेच सुचेल, पण तिथला पसारा आपल्या भिंतीला पेलणार नाही. रामलिंगचा घाट देखणा आहे, वळणं आणि हिरवाई दोन्ही आहे, पण घाटात गाडी नुसती येते आणि जाते, चालवणाऱ्याला काम काही नाही. माझा कौल तडवळ्याला, आणि साल 1908. का ते सांगतो. 1907 ते 1911 अशी चार वर्षं लाईन तडवळ्यातच संपत होती. शेवटचं स्टेशन म्हणजे गाडी एकाच बाजूने येणार. इंजिन सुटणार, शेजारच्या लूपवरून फिरून दुसऱ्या टोकाला लागणार, वाघिणी मालधक्क्यावर ढकलणार. टाकीचं इंजिन असल्याने ते दोन्ही दिशांना सारखंच चालतं, म्हणजे फिरवायच्या चक्रीची जागाही वाचली. तीन सांध्यांत दुपारभर पुरेल एवढं शंटिंग होतं.

रूळ इथे संपायचे, पुढचा माल बैलगाड्यांचा. तेरच्या माणसाला यात वेगळी गंमत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलंय, आणि इथलं कापड गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचकडे जायचं असंही. म्हणून मालधक्क्यावर वाघिणी दोन असल्या तरी चालतील, बैलगाड्या चांगल्या डझनभर करा. 1908 मध्ये हा मुलूख निजामाचा होता आणि बार्शी इंग्रजांची, तेव्हा करोडगिरीचा एखादा शिपाई धक्क्यावर उभा करायला हरकत नाही.

या सालाला माझा आणखी एक छुपा पाठिंबा आहे. 1975 ची बार्शी लाइट करा, गल्लीतले चार जण येऊन डब्याचा रंग असा नव्हता म्हणून वाद घालतील. 1908 ची साक्ष द्यायला कोणी उरलेलं नाही.

आता जागा. एचओत एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा होतो, आणि कुर्डुवाडी–बार्शी हे 34 किलोमीटर मांडायला 390 मीटर लागतील. तेव्हा अंतर विसरा. नाटकात दिवाणखाना रंगमंचावर असतो आणि बाकीचं जग विंगेत. तसं तडवळे समोर ठेवायचं आणि बार्शी पडद्यामागे. तीन मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद फळी घ्या. दोन मीटर स्टेशन, शेवटचा एक मीटर झाडीआड किंवा पुलाआड विंग. विंगेत तीन रूळ शेजारी-शेजारी, प्रत्येकावर एक गाडी तयार उभी. इंजिन आणि चार डबे मिळून गाडी 70 सेंटिमीटरच्या आत बसते, त्यामुळे लूपचा मोकळा भाग 75 ठेवला की पुरे.

ही फळी एकसंध करू नका. मीटरभराचे तीन तुकडे, 9 मिलिमीटरचं प्लायवूड, खाली हलकी चौकट, बोल्टने जोडलेले. यामागे दोन कारणं आहेत, आणि दोन्ही वयाचीच. वायरिंग करताना टेबलाखाली उताणं पडायचं वय गेलं. तुकडा सुटा करून भिंतीला उभा टेकवायचा आणि खुर्चीत बसून डाग द्यायचा. दुसरं थोडं अवघड आहे, पण बोललं पाहिजे. आपल्यामागे याचं काय? भिंतीत चिणलेली मांडणी तोडावीच लागते. सुटे तुकडे रिक्षात घालून शाळेत नेता येतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि तो संग्रह पुढे शासकीय संग्रहालय होऊन गावातच राहिला. तिथे जाल तेव्हा मातीच्या मूर्तींचा आकार जरूर बघा. तळहातावर मावणाऱ्या चेहऱ्यात कारागिराने काय ठेवलं आणि काय गाळलं, हे आपल्याला शिकण्यासारखं आहे.

उंची 105 ते 110 सेंटिमीटर. उंच स्टुलावर बसलं की नजर गाडीच्या जवळपास येते आणि पाठ वाकत नाही. खोलीत शिरायला वाकून फळीखालून जावं लागेल अशी रचना कोणी कितीही देखणी दाखवली तरी घेऊ नका. प्रकाश समोरून, म्हणजे आपल्या आणि मांडणीच्या मध्ये वरून पडलेला. पाठीमागे दिवा असला की स्वतःचीच सावली सांध्यावर पडते.

आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. त्यात मीटरभर रूळ अर्ध्या मिलिमीटरने वाढतो. थंडीत रूळ चिकटवत असाल तर जोडांत तेवढी फट सोडा, नाहीतर उन्हाळ्यात वळण फुगून उठेल. धुळीसाठी जुनी सुती साडी झाकायचा मोह होतो. सुताचे तंतू धुऱ्यांत गुंडाळले जातात, त्यापेक्षा प्लास्टिकचा कागद बरा.

मातीचं सांगायलाच हवं. विकतचा रंगीत भुसा कशाला, शेतातली काळी माती आणि तेरणेची वाळू आहे की. पण ती जशीच्या तशी टाकायची नाही. ऊन दाखवून तव्यावर कोरडी भाजा, म्हणजे मुंग्या-किडे राहत नाहीत. मग वस्त्रगाळ करा. आणि मग लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यातून चार वेळा फिरवा. पिशवीवर बारीक काळ्या कणांची मिशी उगवलेली दिसेल. आपला सगळा प्रदेश बेसाल्टचा, त्या दगडातला लोहखनिजाचा हा चुरा. तो मातीत राहिला तर इंजिनातल्या मोटरीचं चुंबक तो ओढून घेतं आणि मोटर हळूहळू गुदमरते. पिशवी उलटी करून कण टाकून द्यायचे आणि पुन्हा फिरवायचं, मिशी उगवायची थांबेपर्यंत. त्यानंतर अर्धं पाणी घातलेला फेव्हिकॉल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब, आणि ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे गोंद मातीत मुरतो, वर थेंब होऊन बसत नाही.

आखणीपूर्वी एकदा पुण्याला जाऊन या. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. आधी त्यांनी मांडणी प्रदर्शनांतून दाखवली आणि मग ती कायमची एका जागी बसवली. एचओ प्रमाणातलं शहर, सिग्नल, पूल आणि एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या बघून हौस फिटते, आणि एवढ्या पसाऱ्याला किती हात आणि किती वर्षं लागतात याचाही अंदाज येतो. परतताना कुर्डुवाडीला उतरा. तिथल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेली माणसं गावात भेटतील. त्यांना गप्पांत घ्या, घरातले जुने फोटो मागा.

या आठवड्याचं काम फक्त कागदाचं. तीन मीटर तपकिरी कागद टेबलावर पसरा आणि स्टेशन खऱ्या मापात आखा. पुठ्ठ्याचे 14 सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद डबे कापा, औषधांच्या रिकाम्या खोक्यांची स्टेशन आणि गोदाम करा, आणि गाडी हाताने सरकवत आठ दिवस शंटिंग करून बघा. जिथे हात पोचत नाही किंवा डबा लूपमध्ये मावत नाही तिथे खोडरबर चालवा, करवतीपेक्षा ते स्वस्त पडतं.

पुढच्या भागात सांधे आणि वायरिंग घेऊ. 12 व्होल्टचं काम आहे, घाबरायचं कारण नाही. तोवर मल्टीमीटर आणून ठेवा आणि सोल्डरिंगची इस्त्री पुरेशा वॉटची घ्या. फार कमी वॉटची आणलीत तर ती रुळावर जास्त वेळ धरावी लागते आणि जोड पुरेसा तापायच्या आत स्लीपर वितळतात.