नायट्रेटचा आकडा खरा कशावरून? आधी टेस्टचीच टेस्ट घ्या

आजचा भाग 'माझी चूक ऐका आणि तुम्ही करू नका' या टाइपचा आहे. ज्यांना प्रवासात नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित अवतार. मधले 'अं... म्हणजे' तेवढे काढून टाकलेत.

माझ्याकडे घरी शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात दोन क्लाउनफिश आहेत, थोडे लाइव्ह रॉक आहेत, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक क्लीनर श्रिंप होती. होती, म्हणजे आता नाही.

सहा-सात महिने मी दर रविवारी नायट्रेट टेस्ट करायचो आणि दर रविवारी नळीतलं पाणी पिवळंच दिसायचं. कार्डवर बघितलं की 5 पीपीएम. एक्सेलमध्ये ग्राफ काढला होता, एकदम सरळ रेष. खरंतर मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. ऑफिसमध्ये एखादं मॉनिटरिंग सहा महिने तोच आकडा दाखवत असेल तर पहिली शंका सेन्सरवर घेतो. घरी मात्र कॉलर ताठ करून मित्रांना सांगत होतो, 'आपला टँक म्हणजे काचेसारखा स्वच्छ!'

मग एक मित्र घरी आला. टेस्ट करताना त्याने दुसरी बाटली घेऊन अर्धा मिनिट जोरजोरात हलवली. मी म्हटलं, 'अरे, कफ सिरप आहे का ते?' पाच मिनिटांनी नळी लालभडक. 80 पीपीएम.

माझी जाम फाटली. त्याच रात्री निम्मं पाणी बदललं, सकाळी परत निम्मं. हिशोब सोपा होता: 80 चे 40, 40 चे 20. घाईत नवीन पाण्यात मीठ अंदाजाने टाकलं, क्षारता मोजलीच नाही. मासे वाचले, संध्याकाळपर्यंत श्रिंप गेली. कोळंबीच्या जातीच्या जिवांना क्षारतेतला अचानक बदल सहन होत नाही, हे मला माहीत होतं. पण डोक्यात फक्त 80 फिरत होतं. नायट्रेट एका रात्रीत वाढलं नव्हतं, मला एका रात्रीत कळलं होतं एवढंच.

नळीत नक्की होतं काय?

माशांचं खाणं आणि विष्ठा यांच्यापासून अमोनिया तयार होतो. बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गंमत अशी की आपलं किट थेट नायट्रेट मोजतच नाही. ते आधी नायट्रेटचं उलट नायट्राइट करतं आणि त्या नायट्राइटचा रंग दाखवतं. रंगाच्या या रिअॅक्शनला ग्रीस टेस्ट म्हणतात. पीटर ग्रीस हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन रसायनशास्त्रज्ञ, नोकरी इंग्लंडमधल्या बिअरच्या कारखान्यात!

नायट्रेटचं नायट्राइट करायचं काम बहुतेक घरगुती किटमध्ये जस्ताची बारीक पूड करते. पूड पाण्यात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी बसते. म्हणून 'बाटली 30 सेकंद जोरात हलवा, मग नळी एक मिनिट हलवा' असं लिहिलेलं असतं. न हलवता थेंब टाकले तर पूड नळीत येतच नाही. मग नायट्रेट कितीही असो, पाणी पिवळं. माझी सरळ रेष तिथून आली होती.

यातून अजून एक गोष्ट निघते. टँक नवीन असेल आणि पाण्यात आधीपासून नायट्राइट असेल, तर किट तेही नायट्रेट म्हणून मोजतं. शिवाय नळीत थोड्याच नायट्रेटचं रूपांतर होतं आणि कार्डवरचे रंग तो हिशोब धरून छापलेले असतात. त्यामुळे आयतं मिळालेलं थोडंसं नायट्राइटसुद्धा आकडा खूप फुगवतं. म्हणून आधी नायट्राइटची टेस्ट करा. ती शून्य आली तरच नायट्रेटच्या आकड्याला अर्थ आहे.

हात कुठे चुकतो?

नळी आधी टँकच्याच पाण्याने तीनदा विसळा. पाणी सिरिंजने मोजा, मेडिकलमध्ये बिनसुईची मिळते. थेंब टाकताना बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. नळीवर बोट ठेवून हलवू नका, झाकण लावा.

टायमर लावा. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मध्येच चहा टाकायला गेलात तर रंग अजून गडद होतो.

आणि रंग दिवसा खिडकीपाशी बघा. टँकच्या निळ्या लाइटखाली लाल-केशरी ओळखणं अशक्य आहे. फोटो काढून ग्रुपवर 'हे किती वाटतं?' विचारणाऱ्यांनो, फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग बदलतो. फोटो काढायचाच तर नळी आणि कार्ड एकाच फ्रेममध्ये, पांढऱ्या कागदासमोर धरा.

लाल आणि त्याहून लाल

40, 80 आणि 160 हे तिन्ही लालच दिसतात. तिथे डोळे ताणू नका, पाणी पातळ करा. 1 मिली टँकचं पाणी, 4 मिली नुकतंच बनवलेलं मिठाचं पाणी. टेस्ट करा आणि येईल त्याला 5 ने गुणा. साधं आरओ पाणी न घेता मिठाचं घ्यायचं, म्हणजे क्षारता तीच राहते.

आता खरी परीक्षा

किट बरोबर आहे हे कसं कळणार? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न त्याला विचारायचा. आमच्या भाषेत टेस्ट केस.

पहिली केस शून्याची. ताजं बनवलेलं मिठाचं पाणी तपासा, शून्य यायला हवं. नाही आलं तर नळी, मीठ किंवा तुमचं मूळ पाणी तपासा. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात 45 पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे प्यायला ठीक असलेलं पाणीही टँकसाठी भारी पडू शकतं.

दुसरी केस 20 ची. शेतकऱ्याच्या घरातले असाल तर '13:00:45' हे खत माहीत असेल. द्राक्षाला, डाळिंबाला ड्रिपमधून सोडतात ते. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, त्याच्या वजनात साधारण 61 टक्के नायट्रेट असतं. 1.63 ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवलं की 1000 पीपीएमचं द्रावण तयार. बारीक वजनाचा काटा नसेल तर 16 ग्रॅम 10 लिटरमध्ये. त्यातलं 2 मिली घ्या आणि ताज्या मिठाच्या पाण्याने 100 मिली करा. हे झालं 20 पीपीएम. खताच्या शुद्धतेमुळे पाच-सहा टक्के इकडेतिकडे होईल, पण रंगाच्या कार्डला तेवढं कळतही नाही. बाटलीवर नाव लिहा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा.

श्रिंप गेल्यावर आठवड्याने मी हे केलं. जुनी बाटली न हलवता 20 चं द्रावण तपासलं: 5. हे अपेक्षितच होतं. मग चांगली हलवून तपासलं: 40! सहा महिने मी वरवरचं पातळ पाणी वापरत होतो, त्यामुळे तळाला पूड गरजेपेक्षा जास्त साठली असणार. नवीन किट आणलं, त्याने 20 ला 20 च दाखवलं.

म्हणजे त्या रात्रीचं 80 सुद्धा खरं नसावं. कदाचित 40 च असेल. फक्त मासे असलेल्या टँकमध्ये 40 ला कोणी रात्री बादल्या उचलत नाही. दर आठवड्याला 15-20 टक्के पाणी बदललं असतं तरी महिना-दीड महिन्यात निवांत खाली आलं असतं. आधी मी चुकीच्या 5 वर विश्वास ठेवला, मग तितक्याच डोळे झाकून 80 वर. पहिल्या चुकीने फक्त माझी फजिती झाली, दुसरीत एक जीव गेला.

जाता जाता एक घोळ

काही किट आणि लॅब नायट्रेट न सांगता 'नायट्रेट-नायट्रोजन' सांगतात. त्याला 4.43 ने गुणलं की नेहमीचं नायट्रेट मिळतं. एकाचं 10 म्हणजे दुसऱ्याचं 44, म्हणून मित्राच्या आकड्याशी तुलना करण्याआधी एकक विचारा.

आता माझा नियम साधा आहे. आकडा अचानक उडाला तर त्या दिवशी टँकला हात लावायचा नाही. आधी परत टेस्ट, मग 20 च्या द्रावणावर टेस्ट. दोन्ही पास झाल्या तरच पाणी बदलायचं, तेही हळूहळू आणि क्षारता मोजून. अपवाद एकच: मासे धापा टाकत असतील तर नायट्रेटचा विचार सोडा, अमोनिया तपासा.

एक्सेल शीट अजून चालू आहे. रेष आता वरखाली होते आणि मला तेच बरं वाटतं. तुमच्या किटने 20 ला किती दाखवलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. आणि हो, बाटली हलवा!