आयसीयूबाहेर सांगितला जाणारा आकडा

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला रुग्ण आयसीयूत असतो. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘जीसीएस ८ आहे.’ नातेवाईक विचारतात, ‘कितीपैकी? म्हणजे कोमात गेलाय का?’

उत्तर आहे, १५पैकी. मात्र ही मोजणी शून्यापासून होत नाही, ३ पासून होते. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तिन्हींत काहीच प्रतिसाद नसला, तरी प्रत्येकी १ गुण धरतात. बेरीज ८ किंवा त्याहून कमी आली, की इजा गंभीर समजतात.

ही ‘ग्लासगो कोमा स्केल’ ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. त्याआधी केसपेपरवर ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’ असं काहीतरी लिहिलेलं असे. सकाळच्या डॉक्टरांची गुंगी आणि रात्रीच्या डॉक्टरांची गुंगी एकच की वेगळी, हे कळायला मार्ग नव्हता. कवटीच्या आत रक्त साचत असेल, तर तेवढ्यात जीव जाऊ शकतो. या दोघांनी सांगितलं, की दिसतं तेवढंच लिहा. हाकेला डोळे उघडले, की बोटाच्या नखावर दाब दिल्यावर? दुखलेल्या जागेकडे हात गेला, की नुसताच आखडला? याला कोणतंही यंत्र लागत नाही, रात्रपाळीची सिस्टरही हे दर तासाला तपासू शकते. सीटी आणि एमआरआयच्या काळातही ही पद्धत टिकली, ती याच साधेपणामुळे. तिचं श्रेय अशा नोंदी ठेवणाऱ्या सिस्टरांनाही द्यायला हवं.

बेरजेत मात्र बरंच काही झाकलं जातं. डोळे १, बोलणं २, हालचाल ५ यांचे ८ होतात, आणि डोळे ४, बोलणं १, हालचाल ३ यांचेही ८च. पहिल्या रुग्णाचा हात दुखऱ्या जागेपर्यंत पोचतो, दुसऱ्याचा विचित्र आखडतो. घशात नळी असेल, तर बोलणं तपासताच येत नाही. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे सांगावेत, असा टीसडेल यांचाही आग्रह राहिला.

आता कोमा. घरोघरी तो वर्षानुवर्षं चालतो, वैद्यकात सहसा दोन-चार आठवड्यांत संपतो. रुग्ण दगावला नाही, तर त्याचे डोळे उघडतात, झोप-जाग सुरू होते. तरीही भोवतालची जाणीव असल्याची खूण दिसली नाही, तर ती ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’. ही संज्ञा जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ साली मांडली. आपल्याकडे ती सर्वांना माहीत झाली ती मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे, सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालातून. पुसटशी का होईना, जाणीव खात्रीने दिसली, तर ती ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’. तिचे निकष २००२ साली ठरले.

या दोन अवस्थांमधली सीमा ओळखताना मोठ्या चुका होतात. लंडनमधल्या एका पुनर्वसन केंद्रात ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हणून आलेल्या ४०पैकी १७ रुग्णांचं निदान चुकलेलं होतं, असं १९९६ साली प्रसिद्ध झालं. त्यांतले बरेचजण अंध किंवा अत्यंत अधू दृष्टीचे होते.

२००६ साली एड्रियन ओवेन यांनी प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळत असल्याची कल्पना कर’ असं सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा हालचालींशी निगडित भाग उजळला. शोध थोरच. पण त्यावरून ‘मन वाचणाऱ्या यंत्रा’च्या ज्या बातम्या रंगल्या, त्यांत एक गोष्ट निसटली: स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून जाणीव नाही, असं म्हणता येत नाही.

त्यामानाने साधा आरसा उपेक्षित राहिला. रुग्णाच्या चेहऱ्यासमोर आरसा धरून सावकाश सरकवायचा, नजर सोबत सरकते का पाहायचं. दुसऱ्या वस्तूमागे किंवा माणसामागे न वळणारी नजर कधीकधी स्वतःच्या प्रतिबिंबामागे वळते. ‘कोमा रिकव्हरी स्केल’ या सविस्तर तपासणीत म्हणूनच आरसा वापरतात. रुग्णाची जाग दिवसभरात कमी-जास्त होत असल्याने ही तपासणी दोन आठवड्यांत किमान पाच वेळा करावी, अशी शिफारस आहे. पुनर्वसनाचा निर्णय घेण्याआधी ती किती वेळा झाली, हे घरच्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.